चाकांवरचं लोखंडी कपाट घरी कसं बांधावं

हत्यारं जमवणाऱ्या माणसाच्या घरी जागेची चणचण ठरलेली. ड्रिल मशीन जिन्याखाली, पाने गच्चीवरच्या खोलीत, स्क्रू-खिळे पोर्चमधल्या डब्यात. आमच्या इंदूरमध्ये रामबाग, नारायणबागेकडच्या जुन्या घरांत खोल्या लहान. सुदामानगर, राजेंद्रनगरकडे पोर्च मिळतो, पण तो गाडीसाठी राखलेला. अशा घरात कपाट भिंतीला खिळून चालत नाही. काम जिथे असेल तिथे ते ढकलत नेता आलं पाहिजे आणि काम झालं की कोपऱ्यात परत सरकलं पाहिजे.

बाजारात तयार टूल ट्रॉली मिळतात. त्यांतल्या स्वस्त ट्रॉलींचा पत्रा पातळ असतो आणि चाकं त्याहून कच्ची. इंदूरमध्ये लोहामंडीत पाईप आणि पत्रा मिळतो, सियागंजात बिजागऱ्या, ड्रॉवर सरकायचे चॅनल, रिवेट, चाकं मिळतात, आणि पत्रा कापून वाकवून देणारी वर्कशॉपंही शहरात आहेत. ज्याला साधं वेल्डिंग येतं, किंवा ज्याच्या ओळखीत भरवशाचा मिस्त्री आहे, त्याने हे कपाट स्वतः बांधावं असं माझं ठाम मत आहे.

असं कपाट जमिनीपासून वर आखायचं. आपण सहसा आधी ड्रॉवर किती आणि रंग कोणता ते ठरवतो, आणि चाकं शेवटी उरलेल्या पैशांत घेतो. हा क्रम उलटा हवा. चाकं आणि तळाची चौकट चांगली असेल तर वरचं काम थोडं कमी-जास्त झालं तरी निभावतं. तळ कच्चा असेल तर वरची सगळी मेहनत डुगडुगत राहते.

माप

इथे ७०० मिमी रुंद, ४५० मिमी खोल आणि चाकांशिवाय ८०० मिमी उंच असं कपाट धरलं आहे. ४ इंची चाकाची पट्टीसकट उंची साधारण १२५ ते १३० मिमी असते, म्हणजे वरचा पत्रा जमिनीपासून सुमारे ९३० मिमीवर येतो. उभ्याने काम करायला ही उंची बहुतेकांना सोयीची पडते. तुम्ही बुटके किंवा फार उंच असाल तर सरळ उभं राहून कोपर वाकवा आणि कोपरापासून चार-पाच इंच खाली माप घ्या. ४५० मिमी खोलीमुळे कपाट आडवं ढकलत अडीच फुटी दारातूनही सहज जातं. घरातलं सगळ्यांत अरुंद दार आणि जिन्याचं वळण मात्र आधी मोजून घ्या.

आतली विभागणी अशी: खाली दोन दारांचा ३४० मिमी उंच कप्पा, त्यावर २५ मिमीची मधली चौकट, आणि वर तीन ड्रॉवरसाठी ३७० मिमी. तळाची चौकट ४० आणि वरची २५ धरली की बेरीज ८०० होते. ड्रिल मशीन, ग्राइंडर, पॉलिशचे डबे असं जड सामान खालीच राहील. याचं कारण पुढे ड्रॉवरपाशी येईल.

चाकं

चार चाकं आहेत म्हणून एकूण वजनाला चारने भागू नका, तीनने भागा. जमीन जराही वर-खाली असली की एक चाक अधांतरी होतं आणि सगळा भार तिघांवर येतो. आपल्याकडे हे नेहमीच घडतं. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तळमजल्याची फरशी काही वर्षांत कुठे ना कुठे उचलली जाते किंवा खचते. कोटा स्टोनचे सांधे तर सुरुवातीपासूनच एका पातळीत नसतात.

हे कपाट ड्रॉवरसकट साधारण ६० किलो भरेल. त्यात १२० किलो सामान धरा. एकूण १८०, भागिले ३, म्हणजे एका चाकावर ६० किलो. चाक उंबरठ्यावर आपटतं तेव्हा क्षणभर भार याहूनही वाढतो, म्हणून प्रत्येकी १०० किलो क्षमतेची चाकं घ्या. व्यास ४ इंचच हवा. २ इंची चाक फरशीच्या सांध्यातही अडतं.

घरासाठी पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं चाक सगळ्यांत चांगलं: फरशीवर ओरखडे पाडत नाही, आवाज कमी करतं आणि रबरासारखं एका जागी दबून चपटं होत नाही. नायलॉन टणक आणि हलकं चालतं, पण फरशीवर खडखड करतं. बिडाची चाकं फक्त सिमेंटच्या जमिनीच्या वर्कशॉपसाठी.

दोन चाकं स्थिर, दोन फिरती. फिरत्या दोन्हींना ब्रेक हवा, आणि तो असा की चाकासोबत त्याची मान फिरणंही थांबेल. कपाट आडव्या दिशेने, म्हणजे ७०० मिमीच्या बाजूने चालणार आहे, म्हणून स्थिर चाकं डाव्या टोकाला, फिरती उजव्या टोकाला, आणि ढकलायचा दांडाही उजवीकडेच. चारही चाकं फिरती बसवायचा मोह होतो, पण भरलेलं कपाट मग सरळ जात नाही, तिरकं धावतं आणि भिंतीचा रंग खरवडतं.

माल

चौकटीसाठी २५ × २५ मिमी चौकोनी पाईप, १६ गेज, म्हणजे १.६ मिमी जाडीचा. तळासाठी ४० × ४०, २ मिमी. अंगाला, दारांना, ड्रॉवरना २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिमीचा सीआर (कोल्ड रोल्ड, थंड लाटलेला) पत्रा. वरच्या पृष्ठभागाला १६ गेज. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. म्हणून दुकानात आकड्यासोबत मिलिमीटरही सांगा, आणि जाडी मोजायचा व्हर्नियर असेल तर खिशात ठेवा.

व्हर्नियर नसेल तर वजनावरून पारख करता येते, कारण माल किलोवरच विकला जातो. २५ मिमीचा १.६ मिमी जाड पाईप २० फुटांच्या लांबीला ७ किलोच्या आसपास भरतो. काटा साडेपाच दाखवत असेल तर तो १८ गेजचा आहे. ०.९ मिमीचा ८ × ४ फुटी पत्रा साधारण २१ किलो भरतो.

गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाईप घेऊ नका. वेल्डिंगच्या आचेने जस्ताचा धूर होतो. तो छातीत गेला की त्याच संध्याकाळी थंडी-तापासारखं अंग मोडून येतं. सीआर पत्र्यावर तेलाचा हात असतो. तो रंगाच्या आधी काढायचा, तोवर गंजापासून तोच पत्र्याला वाचवतो.

कापायची यादी, सगळी मापं मिमीत:

४० मिमी पाईप: ७०० चे २ नग, ३७० चे ३ नग.
२५ मिमी पाईप: उभे ७३५ चे ४, वरच्या चौकटीला ७०० चे २ आणि ४०० चे २, मधल्या चौकटीला ६५० चे २ आणि ४०० चे २, ड्रॉवरच्या चॅनलसाठी ४०० चे ६.
चाकं बसवायच्या पट्ट्या: ५ मिमी जाड, १२० × १०० चे ४ नग.

२५ मिमीच्या तुकड्यांची बेरीज ९.६४ मीटर होते, म्हणजे २० फुटी दोन लांब्या पुरून थोडा माल उरतो. पत्रा ८ × ४ चे दोन लागतात. वरच्या १६ गेजसाठी पूर्ण पत्रा घेऊ नका, लोहामंडीत तुकडे मिळतात.

चौकट

आधी तळ. ७०० चे दोन पाईप पुढे-मागे, ३७० चे दोन टोकांना आणि एक मध्ये. सपाट जागी मांडा. जमिनीवर भरवसा नसेल तर दोन सरळ अँगल टाकून त्यांवर मांडा. कोपऱ्यांत काटकोन तपासायला गुण्या लावा, पण खरी परीक्षा कर्णांची. ७०० × ४५० च्या चौकटीचे दोन्ही कर्ण ८३२ मिमी यायला हवेत. एक लांब, एक आखूड आला तर लांब कर्णाच्या कोपऱ्यांवर हातोडीने हलके ठोके द्या. एक मिमीचा फरक चालेल, तीनचा नाही. तळ तीन मिमीने कलला तर ड्रॉवर कधीच नीट सरकणार नाहीत.

घरगुती इन्व्हर्टर मशीन आणि २.५ मिमीचा ६०१३ नंबरचा वेल्डिंग रॉड पुरे. १.६ मिमीच्या पाईपला साधारण ६० ते ७५ अँपिअर ठेवा आणि शिल्लक तुकड्यावर आधी लावून पाहा. पाईपला भोक पडलं तर करंट कमी करा, रॉड चिकटू लागला तर वाढवा. मशीन १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावा, आणि अर्थिंग खरंच आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

पूर्ण वेल्ड लगेच मारायचा नाही. आधी प्रत्येक सांध्याला एक-एक टाका, म्हणजे वेल्डचा छोटा ठिपका मारायचा, तेही समोरासमोरच्या कोपऱ्यांना. मग तळावर चार उभे पाईप, मधली चौकट, वरची चौकट, सगळं फक्त टाक्यांवर उभं करा. पुन्हा कर्ण मोजा: ८०० × ४५० ची बाजू ९१८, ७०० × ८०० चं तोंड १०६३. सगळं जुळलं की पूर्ण वेल्ड, एकदा इथे आणि एकदा समोर. वेल्ड थंड होताना लोखंड आक्रसतं आणि सांधा आपल्याकडे ओढून घेतं. एकाच कोपऱ्याचे सगळे सांधे सलग मारले तर चौकट त्या बाजूला वळते. गरम चौकटीवर पाणी ओतू नका, तिला आपल्या वेळेने थंड होऊ द्या.

वेल्डिंगला १० किंवा ११ नंबरची काच, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, बंद बूट. ग्राइंडरचं गार्ड काढू नका. मुलं आसपास असतील तर त्यांना घरात पाठवा. नुसत्या उजेडाकडे पाहूनही रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

चाकांच्या ५ मिमी पट्ट्या तळाच्या चारही कोपऱ्यांत खालून वेल्ड करा, आणि त्यांत चाकाच्या पट्टीप्रमाणे भोकं पाडा. भोकं वेल्डिंगच्या आधी पाडली तर अधिक बरं, मात्र नट फिरवायला पान्याला जागा उरेल अशा बेताने, पाईपच्या आतल्या बाजूला. चाक थेट वेल्ड करायचं नाही: आचेने बेअरिंगचं ग्रीस जळतं, पीयू वितळतं, आणि पुढे चाक बदलायचं म्हटलं तर कटर चालवावा लागतो. ८ मिमीचे बोल्ट आणि नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले) नट वापरा. साधा नट चालत्या कपाटाच्या थरथरीने ढिला होतो.

पत्रा

पत्रा घरी ग्राइंडरने कापता येतो, पण कडा जळते आणि रेघ वाकडी जाते. शिअरिंग मशीनवर कापून आणि बेंडिंग मशीनवर वाकवून घ्या. त्या पैशांत जी सफाई मिळते ती घरी मिळत नाही. मिस्त्रीला तोंडी माप सांगू नका. कागदावर प्रत्येक तुकड्याची आकृती काढा, आणि माप बाहेरून बाहेर आहे की आतून आत, तेही लिहा. पत्र्याच्या कामातली निम्मी भांडणं याच एका गोष्टीवरून होतात.

वाकवताना पत्रा बाकाशी थोडा ताणला जातो, त्यामुळे बाहेरच्या मापांची नुसती बेरीज करून कापला तर तुकडा मोठा होतो. किती कमी करायचं हे मशीनच्या साच्यावर अवलंबून असतं. म्हणून १०० मिमीची पट्टी त्याच पत्र्यातून कापून मध्ये काटकोनात वाकवून घ्या, आणि दोन्ही पाय बाहेरून मोजा. बेरीज १०० पेक्षा जितकी जास्त, तितकं प्रत्येक बाकामागे वजा करायचं. ०.९ मिमीच्या पत्र्याला हे साधारण दीड मिमी येतं. एका ड्रॉवरच्या रुंदीत दोन बाक असतात, म्हणजे तीन मिमी. चॅनलमध्ये ड्रॉवर अडकायला तेवढं पुरतं.

बाजूंना ८०० × ४५० चे दोन, मागे ७०० × ८०० चा एक. हे सपाट तुकडे पाईपवर रिवेटने बसवा. साध्या रॉडने ०.९ चा पत्रा वेल्ड करायला हात फार तयार लागतो. पत्रा जळतो, आणि वाचला तर लाटांसारखा वाकतो. ४ मिमीचे, ८ मिमी लांबीचे रिवेट, ४.१ मिमीचं भोक, आणि दोन रिवेटांत ७५ ते १०० मिमी अंतर. आधी चार कोपरे, मग मध्य, मग उरलेले. मागच्या पत्र्यावर वरच्या भागात चार-पाच आडव्या फटी पाडून घ्या. पावसाळ्यात बंद कपाटातली दमट हवा बाहेर पडली नाही तर आतले पाने आधी गंजतात.

वरच्या १६ गेजच्या पत्र्याला चारही बाजूंनी २० मिमी खाली वाकवा. त्याची धार हाताला लागता कामा नये. प्रत्येक कापलेली कड कानशीने मारा. ड्रॉवरच्या वरच्या कडा तर १० मिमी आत दुमडूनच घ्या: धारही जाते आणि ताठपणाही येतो.

दारं ३२० × ३३५ ची दोन, २० मिमी खोल दुमडीची. दोन बिजागऱ्या पुरतात, पण दाराच्या आत एक पट्टी लावून त्यावर बिजागरी बसवा, नुसत्या पत्र्यात रिवेट कालांतराने भोक मोठं करतं.

ड्रॉवर

दोन उभ्या पाईपांमध्ये ६५० मिमी जागा आहे. बॉल बेअरिंगचा टेलिस्कोपिक चॅनल एका बाजूला १२.७ मिमी घेतो, म्हणून ड्रॉवरचा डबा ६२४ मिमी रुंद. चॅनल १६ इंची, ४५ मिमी रुंदीचा घ्या. दर्शनी पट्ट्या ६४४ मिमी रुंद, आणि खालून वर १७०, ११० व ८० मिमी उंच, मध्ये अडीच-अडीच मिमीची फट. डबे दर्शनी पट्टीपेक्षा २० ते ३० मिमी ठेंगणे करा.

चॅनलसाठी कापलेले ४०० मिमीचे सहा पाईप पुढच्या आणि मागच्या उभ्या पाईपांमध्ये आडवे वेल्ड करायचे, त्यांची आतली बाजू उभ्या पाईपांच्या आतल्या बाजूशी एका रेषेत. हे काम बाजूंचे पत्रे लावण्याआधीचं. डावी-उजवी उंची जुळवायला मोजपट्टीवर विसंबू नका. हव्या उंचीचे दोन ठोकळे कापून तेच दोन्हीकडे टेकवा. पुढचं तोंड आत बसायचं आहे, म्हणून चॅनल २० मिमी मागून सुरू होईल. स्क्रू आधी चॅनलच्या लांबट भोकांत मारा, ड्रॉवर सरकवून पाहा, जुळलं की गोल भोकांतले पक्के करा.

आता जड सामान खाली का, ते पाहू. ड्रॉवर सोडून कपाट सुमारे ५० किलो. त्याचं वजन खोलीच्या मध्यावर, म्हणजे पुढून २२.५ सेंमीवर धरू. पुढची चाकं कडेपासून साडेपाच सेंमी आत टेकतात. कपाट पुढे कलंडायचं झालं तर त्या चाकांवरूनच कलंडेल. कपाटाचा मागचा जोर ५० किलो × १७ सेंमी (२२.५ वजा ५.५), म्हणजे ८५०. आता २० किलोचा एक ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा: त्याचं वजन कडेच्या २० सेंमी पुढे, चाकापासून साडेपंचवीस. पुढचा जोर २० × २५.५, म्हणजे ५१०. कपाट उभं राहील. दुसरा तसाच ओढला की १०२०, आणि कपाट अंगावर येईल. खालच्या कप्प्यात ४० किलो सामान असेल तर मागच्या जोरात आणखी ६८० ची भर पडते आणि धोका टळतो. म्हणूनच कपाट भरताना आधी खालचा कप्पा भरा, आणि रिकामं करताना तो सगळ्यांत शेवटी. लहान मुलं असलेल्या घरात हा नियम फार कसोशीने पाळा, मुलं ड्रॉवरची पायरी करतात.

ढकलताना ड्रॉवर आपोआप उघडू नयेत म्हणून समोर एका बाजूला २५ × ३ ची उभी पट्टी बिजागरीवर लावा. ती तिन्ही दर्शनी पट्ट्यांच्या कडेवर येऊन बसेल, वर कडी आणि कुलूप. तीन वेगळ्या कुलपांपेक्षा हे स्वस्त आणि भक्कम.

रंग

सगळं एकदा कोरडं जोडून पाहा, मग चाकं, चॅनल, बिजागऱ्या काढा. वेल्डिंगचा काळा थर वायर ब्रशने, गंज १२० नंबरच्या एमरीने, तेल थिनरच्या फडक्याने. रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात, वाळल्यावर एनॅमलचे दोन पातळ हात. जाड एक हात ओघळतो आणि आतून ओला राहतो. पावसाळ्यात रंगकाम टाळा. ऑक्टोबर ते मार्चची कोरडी हवा सर्वांत बरी. मे महिन्यात उन्हातल्या तापलेल्या पत्र्यावरही रंग लावू नका, ब्रश फिरायच्या आत तो वाळतो.

पैसे असतील तर पावडर कोटिंग. सांवेर रोडच्या औद्योगिक भागात ते करणारे मिळतात. भट्टी १८० ते २०० अंशांची असते, त्यामुळे प्लास्टिक, रबर, ग्रीस असलेलं काहीही आत जाऊ देऊ नका. पाईपची बंद टोकं असतील तर खालच्या बाजूला ६ मिमीचं भोक आधीच पाडा. नाहीतर धुण्याच्या टाकीतलं रसायन पाईपात साठतं आणि भट्टीत उकळून सांध्यांतून रंगावर ओघळतं. रिवेट लावण्यापूर्वी पत्रे आणि चौकट सुटे कोट करून घेतलेत तर दोन पत्र्यांमधली जागाही रंगते, आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो.

पहिली चाल

चाकं बसवायला कपाट पाठीवर आडवं करा, खाली जुनं गोधडं घालून. उभं केल्यावर ब्रेक लावा आणि चारही कोपरे दाबून पाहा. फरशीच्या सपाट भागावरही एक कोपरा डुलत असेल तर त्या चाकाच्या पट्टीखाली पातळ वॉशर घाला, चौकट ठोकून सरळ करायला जाऊ नका. मग खालच्या कप्प्यात सामान ठेवा, ड्रॉवर एकेक करून भरा, आणि प्रत्येक वेळी थोडं ढकलून पाहा. ड्रॉवरच्या तळाला रबरी मॅट कापून घातली तर पाने घसरत नाहीत.

पंधरा दिवस वापरलं की चाकांचे सोळाही बोल्ट पान्याने पुन्हा आवळा. चाकात गुंडाळलेले केस आणि दोरे काढत जा, मानेच्या बेअरिंगला वर्षातून दोनदा ग्रीसचं बोट लावा. पावसाळा लागण्याआधी पाने आणि कानशी तेलाच्या फडक्याने पुसून ठेवा, आणि प्रत्येक ड्रॉवरमध्ये सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या टाका.